खाडी बुजवणारे मोकळे, मोहल्ला मात्र ‘अतिक्रमण’

पावसाळ्यात एक-दोन दिवस असे येतात की पनवेलच्या बातम्यांत तीच ती नावे दिसतात: पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला, कोळीवाडा. गाढी फुगते, पाणी घरात शिरते, बायका-मुलांना शाळेत नाहीतर एखाद्या हॉलमध्ये हलवतात. मोहल्ल्यातली पोरे आणि गणेशोत्सव मंडळांची पोरे मिळून खिचडी वाटतात. दोन दिवसांनी पाणी उतरते, गाद्या उन्हात पडतात आणि मग ते वाक्य ऐकू येते: ‘हे लोक नदीतच जाऊन बसलेत, पाणी येणारच.’ हे वाक्य मी सरकारी टेबलापलीकडून ऐकले आहे, रिक्षात ऐकले आहे. मोहल्ला सोडून कामोठे-खारघरच्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या आपल्याच शिकलेल्या मंडळींकडूनही ऐकले आहे. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

आधी कोण कुठे बसले ते पाहू. पनवेल हे बंदर होते. बंदर रोड हे नाव अजून आहे, गलबते गेली. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे मुंबई-ठाणे पहिली आगगाडी धावली त्याच्याही एक वर्ष आधीची. जुने गाव खाडीकाठी वसले कारण गावाचे पोट खाडीवर होते. तांदूळ, मीठ, लाकूड, मासळी, सगळा माल पाण्यावरून जायचा. कोळ्यांच्या होड्या, आगऱ्यांची मिठागरे आणि खारशेती, कोकणी-कच्छी मुसलमानांची दुकाने आणि वखारी, हे सगळे एकाच काठावर होते. त्या लोकांना पाणी कळत होते. कुठपर्यंत भरती चढते, उधाणाला कुठे थांबते, हे बघूनच घरांचे जोते घातलेले असायचे.

सिडको आली १९७० साली. मग नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर असे एकेक नोड उभे राहिले. यातली बरीच जमीन खाजणाची, मिठागरांची आणि खारशेतीची होती. तिच्यावर मातीचा आणि दगडाचा भराव टाकून ती उंच केली. जुनी गावे होती त्याच पातळीवर राहिली आणि बघता बघता खोलगट बशीत सापडली. म्हणजे नदीत कोणी जाऊन बसले नाही. नदीच्या हक्काची जागा दुसऱ्याने घेतली आणि नदी आमच्या ओट्यावर आली.

खाडी ही रिकामी जागा नव्हती

गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते. देहरंग धरणाजवळून, नेऱ्यावरून पनवेलपर्यंत ती गोड्या पाण्याची नदी असते. गावाजवळ तिला काळुंद्री मिळते आणि इथून पुढे समुद्र तिला भेटायला रोज दोनदा आत येतो. तळोज्याकडून कासार्डी येते, दुसऱ्या अंगाने उलवे. ही सगळी पाणी मिळून पनवेलची खाडी होते आणि बेलापूरजवळून ठाणे खाडीच्या, मुंबई बंदराच्या पाण्यात जाते. गोडे आणि खारे पाणी जिथे मिसळते तिथला चिखल फार सुपीक असतो. बोईट, कोळंबी, चिंबोरी, निवटी, कालवे, शिवल्या हे सगळे त्या चिखलावर वाढते.

रायगडकराला जिताड्याची महती सांगायला नको. पाहुणा आला, सोयरीक ठरली, साहेबाकडे काम अडले की जिताडा. पण या माशाचे आयुष्य किती नाजूक हिशेबावर चालते ते फार थोड्यांना ठाऊक असते. तो खाडीच्या मुखाजवळ खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर आत येतात, खाजणात, खारीच्या डबक्यांत, कधी पार गोड्या पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की परत खाली जातात. शिवाय जिताडा आधी नर असतो, वय आणि वजन वाढले की मादी होतो. म्हणजे त्याला नुसते पाणी पुरत नाही. वर-खाली जायची वाट बारमाही उघडी लागते आणि वर्षानुवर्षे जगायला मिळावे लागते. वाटेत एका ठिकाणी विषारी पाणी सोडा, एका ठिकाणी बांध घाला, की पुढची पिढी संपली. मग आपण म्हणणार, हल्ली जिताडा तळ्यातलाच मिळतो.

तिवरांचेही तसेच. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाड त्या मुळांनी श्वास घेते. ट्रकभर राडारोडा त्या मुळांवर ओता आणि निघून जा. कुऱ्हाड लावायची गरज नाही. झाड काही महिन्यांत उभ्याउभ्या वाळते आणि मग पाहणीला आलेला अधिकारी लिहितो की या जागी जिवंत कांदळवन आढळले नाही. भरतीचा नाला मातीने बंद केला तरी हाच निकाल लागतो.

पुराचा संबंध इथेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पावणेपाच मीटरपर्यंत चढते. त्या वेळी डोंगरात मुसळधार झाली तर नदीला समुद्रात शिरता येत नाही. तिला चार-सहा तास कुठेतरी थांबावे लागते. ती थांबायची ती खाजणात, तिवरांत, खारशेतीत. ती जागा गेली की ती घरात थांबते. याहून एक वाईट गोष्ट सावकाश घडते. भरतीचे पाणी जितके जास्त आत येते तितक्या जोराने ओहोटीला बाहेर जाते आणि जाताना गाळ धुऊन नेते. भराव टाकून ती जागा आक्रसली की ओहोटीचा जोर कमी होतो, गाळ बसतो, पात्र उथळ होते. मग तेवढ्याच पावसाला जास्त पूर येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीचा पूर समजण्यासारखा होता. आता त्याच्या निम्म्या-पावपट पावसालाही आमची माणसे कपाटे खाटेवर चढवू लागतात, हे मात्र ढगांच्या माथी मारता येणार नाही.

सिडकोला हे गणित कळत नव्हते असे नाही. म्हणून तर नवी मुंबईत धारण तलाव बांधले: भरतीच्या वेळी शहराचे पावसाचे पाणी त्यात थोपवायचे आणि ओहोटीला झडपा उघडून सोडायचे. कल्पना चांगलीच होती. पुढे तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरे उगवली आणि आता तिवरांमुळे गाळ काढता येत नाही अशी तक्रार चालते. इतक्या वर्षांचा आळस तिवरांच्या नावावर!

तुकड्याचा हिशेब

मुद्द्याची गोष्ट ही आहे. आपल्याकडे शहराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे मोजायची कायदेशीर पद्धत आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला आधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, अनेक प्रकल्पांची जनसुनावणी होते, अटी घातल्या जातात. पण मोजले जाते ते एकेका प्रकल्पाचे. विमानतळाचा अहवाल वेगळा, रस्त्याचा वेगळा, गृहसंकुलाचा वेगळा, औद्योगिक वसाहतीची परवानगी आणखी वेगळी. प्रत्येक अहवाल म्हणतो की आमच्यामुळे होणारा फरक किरकोळ आहे. अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवाल्याच्याच पैशाने नेमलेला असतो, हे सोडून देऊ. समजा प्रत्येक जण प्रामाणिक आहे. तरी चाळीस किरकोळ फरकांची बेरीज कोणी केली? खाडी एकच आहे. तिला कोणता पाइप कोणाच्या हद्दीतून आला हे ठाऊक नसते.

मी हे विचारून पाहिले. माहितीच्या अधिकारात साधा प्रश्न होता: पनवेल खाडीचा, म्हणजे गाढी, काळुंद्री, कासार्डी आणि उलवे यांच्यासह सगळ्या पाण्याचा, एकत्रित अभ्यास आहे का? एका कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने कळवले की विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. यात एकट्या कारकुनाचा दोष नाही. जमीन सिडकोची, नाले महापालिकेचे, कारखाने एमआयडीसीतले, पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, तिवरे वन खात्याच्या कांदळवन कक्षाची, जलमार्ग मेरीटाइम बोर्डाचा. खाडी म्हणून खाडी कोणाचीच नाही.

कासार्डीचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. गदारोळ झाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाचा एक कारखाना बंद केला. कुत्रे बिचारे फोटोत आले. मासे मेले ते पाण्याखाली. तिथल्या मासेमारांनी त्याआधीच, २०१६ मध्ये, नदीचे पाणी नवी मुंबई महापालिकेकडून तपासून घेतले होते. पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो ते दाखवणारा आकडा, बीओडी, लिटरला ८० मिलिग्रॅम निघाला. आंघोळीच्या नदीला तो ३ च्या आत हवा. नदीत सांडपाणी सोडायची सर्वसाधारण मर्यादाच ३० आहे. म्हणजे वाहती नदी ही सोडायच्या सांडपाण्यापेक्षा घाण होती! हे शोधून काढले ते जाळे टाकणाऱ्या माणसांनी. ज्यांना पगार याच कामाचा मिळतो त्यांनी नाही.

पुढे २०१८ साली नगरसेवक अरविंद म्हात्रे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने दखल घेतली, समिती नेमली, तळोज्याच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपये भरायला सांगितले. ही लढाई आगरी-कोळ्यांनी लढली. कासार्डीच्या त्या पट्ट्यात, तळोजा पाचनंदला, कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. हवा तीच, पाणी तेच, रात्री खिडक्या लावून झोपायची पाळी तीच. मग त्या लढाईत आपण संख्येने कुठे होतो, हे ज्याने त्याने आठवावे.

कासार्डीचे पाणी तळोज्यापुरते राहत नाही. लोकांना वाटते, घाण एकदा खाडीत गेली की समुद्रात गेली. खाडीच्या वरच्या टोकाला तसे होत नाही. ओहोटीला खाली गेलेले पाणी पुढच्या भरतीला परत वर येते, पुन्हा खाली जाते, पुन्हा येते. उन्हाळ्यात वरून नदीचे पाणी जवळजवळ नसतेच, तेव्हा तेच सांडपाणी आठवडेच्या आठवडे झोपाळ्यासारखे हेलकावत राहते. त्यात नव्या टॉवरांचे मैलापाणी, जुन्या गावाची गटारे, कारखान्यांचे रसायन एकजीव होते. म्हणून तुकड्यातुकड्याचा अहवाल या पाण्याला लागूच पडत नाही.

विमानतळाचे बघा. नवी मुंबई विमानतळाला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी दिली. जागा ११६० हेक्टर, गाढी आणि उलवे यांच्या मधली, खाजणाची. उलवे नदीचे पात्र वळवले गेले. ९० मीटरच्या आसपास उंचीची उलवे टेकडी फोडून तिचा दगड भरावात घातला. दहा गावे उठली. भराव सुरू झाल्यावर शेजारच्या पारगाव-डुंगीत पावसाचे पाणी तुंबू लागले, डुंगीचे लोक वर्षानुवर्षे हेच सांगत राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली.

मला कोणी विकासविरोधी म्हणणार हे ठाऊक आहे. आपल्याही मुलांना तिथे कामे मिळतील, मिळायलाच हवीत. पण मंजुरी फुकट मिळालेली नव्हती. वाघिवलीत २४५ हेक्टरवर कांदळवन उद्यान वाढवायची अट तिच्यात होती, गाढीचे पात्र वळवायचे नाही असे ठरले होते. धावपट्टी किती मीटर झाली हे पंधरा वर्षे फलकांवर वाचले. त्या २४५ हेक्टरांपैकी आज किती उभे आहेत, त्यातली किती झाडे जगली, हे सांगणारा एक तरी फलक पनवेलमध्ये कोणी पाहिला का? अटी मान्य करून कर्ज काढायचे आणि हप्ते विचारणाऱ्याला देशाच्या प्रगतीआड येणारा म्हणायचे, हा व्यवहार आपल्या मोहल्ल्यातला साधा किराणावालाही खपवून घेणार नाही.

‘हा आपला प्रश्न नाही’

आता घरातले भांडण. आपल्या बैठकांत पर्यावरण शब्द काढला की कपाळावर आठ्या पडतात. ‘भाईजान, इथे मुलांना भाड्याने घर मिळत नाही, वक्फच्या जमिनी चालल्यात, आणि तुम्ही खेकड्यांचे काय घेऊन बसलात?’ मला हा प्रश्न हलका वाटत नाही. विचारणाऱ्याच्या जखमा खऱ्या आहेत. पण ज्याला घर भाड्याने मिळत नाही तो राहतो कुठे? जुन्या मोहल्ल्यात, नदीच्या बाजूला, स्वस्त आणि सखल जागी. पूर हा आपल्या घराच्या प्रश्नाचाच भाग आहे. आणि पूररेषा नावाची गोष्ट आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. खाडी उथळ झाली, पाणी वर चढले, की उद्या रेषाही वर सरकेल. ज्याने भराव टाकला तो उंचावर, रेषेच्या बाहेर. शंभर वर्षांचे घर रेषेच्या आत. दुरुस्तीची परवानगी मागायला जाल तेव्हा कळेल की खेकड्यांचा आणि तुमचा नकाशा एकच होता.

राहिला दीनाचा सवाल. सूरह रूममध्ये जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या फसादाचे मूळ माणसाच्याच करणीत दाखवले आहे, हे जुम्म्याच्या बयानात आपण कैकदा ऐकतो. पण तो फसाद दाखवायला खतीबसाहेबांचे बोट कासार्डीकडे क्वचितच जाते. आपल्या फिकहमध्ये ‘हरीम’ नावाची कल्पना आहे. विहीर, झरा, कालवा किंवा नदी असेल तर तिच्या भोवतीची ठराविक जागा मोकळी सोडायची. तिथे दुसऱ्याने खोदायचे नाही, बांधायचे नाही, पाणी नासेल असे काही करायचे नाही. पाण्याला स्वतःची जागा लागते आणि त्या जागेवर कोणाची मालकी चालत नाही, हे फकीह मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी मांडून ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांची तोड थांबवली आणि त्यांच्या भोवती ५० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला, तेव्हा तो हरीमच आखला असे मी समजतो. आणि सलीम अली आपल्याच मुंबईत जन्मले, याच जिल्ह्यातल्या किहीमला बसून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांचे काम मात्र दुसऱ्यांवर सोडून दिले.

दुसऱ्यावर बोट दाखवताना आपल्या गल्लीची गटारे लपवायची नाहीत. कोंबडीच्या दुकानांची पिसे आणि आतडी रात्री पुलावरून खाली जातात. ईदुल अज्हानंतर तीन दिवस काय वाहत असते ते सगळ्यांना माहीत आहे. कुर्बानी इबादत आहे. तिची ओझडी नाल्यात फेकणे ही इबादत नाही. महापालिकेकडून वेळेवर गाड्या मागून घेणे, न आल्यास जमातीने स्वतःच्या गाड्या लावणे, हे अवघड काम नाही. तळोज्याच्या रसायनापुढे ही घाण किती? थोडी. पण आपल्या तोंडाला कुलूप लावायला विरोधकाला तेवढी पुरते.

मागायचे काय

मदतीचे किट आणि पंचनाम्याचे पैसे मागणे थांबवा असे मी म्हणत नाही. ते हक्काचे आहेत. पण त्या अर्जाला आणखी एक पान जोडा. देहरंगपासून वाघिवलीपर्यंत पनवेल खाडीचा एकच एकत्रित अभ्यास व्हावा, तो होईपर्यंत खाजणात नव्या भरावाला परवानगी मिळू नये, अहवाल मराठीत यावा आणि सुनावणी पनवेलमध्ये व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिकेला दरवर्षी पर्यावरण स्थितीचा अहवाल द्यावाच लागतो. त्यात खाडीचे वेगळे प्रकरण मागा, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळच्या पाण्याच्या तपासणीसह. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्या नोंदवहीत जिताडा कधीपासून कमी झाला, शिवल्या कुठल्या चिखलातून गेल्या, कोणत्या नाल्याला पहिल्या पावसात मासे मरतात, हे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगायचे आणि आपल्या शिकलेल्या पोरींनी लिहून घ्यायचे. कोळीवाडा आणि मोहल्ला पुरात एकाच होडीतून बाहेर काढले जातात. अर्जावरही सह्या एकत्र असाव्यात. एकट्या मोहल्ल्याचा अर्ज कोणत्या नजरेने वाचला जातो ते मी वेगळे सांगत नाही.

जूनच्या आधी एक काम मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. प्रत्येक गल्लीत एका पक्क्या भिंतीवर, मशिदीच्या, मंदिराच्या, शाळेच्या, ऑइलपेंटने फूटपट्टी रंगवा. पाणी आले की कुठपर्यंत चढले ती रेघ मारा आणि बाजूला तारीख, वाजले किती आणि त्या दिवशी भरती किती वाजता होती एवढे लिहा. भरतीची वेळ रोजच्या पेपरात असते. रेघेचा मोबाइलवर फोटो काढून कोळीवाड्याच्या आणि आपल्या, दोन्ही ग्रुपवर टाका. दोन-तीन पावसाळ्यांनी तेवढ्याच पावसाला रेघ वर गेलेली दिसली, तर तो कागद लवादापुढे ठेवता येतो. कच्छी मोहल्ल्यातल्या दोन भिंतींसाठी रंगाचा डबा आणि ब्रश मी आणून ठेवला आहे. बाकीच्या गल्ल्यांनी आपापली भिंत ठरवून कळवावी.